गणवेशाचे कापड: नायलॉन कुठे वापरावे, कुठे टाळावे

गोव्यात गणवेशाचे कापड घेताना रंग जुळतो की नाही याआधी ते पावसाळ्यात कितपत वाळेल हे पाहावे. निव्वळ सूत अंगाला सर्वांत सुखद, कारण ते आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा हवेतूनच धरते. पण त्याच गुणामुळे जुलैच्या संततधारेत सुती शर्ट दोरीवर ओलाच राहतो आणि कॉलरवर काळे ठिपके उमटतात. पॉलिएस्टर अर्धा टक्काही ओलावा धरत नाही, म्हणून झटकन वाळते, मात्र घाम अंगावरच राहतो. यासाठी शर्टाला टेरिकॉट, म्हणजे पॉलिएस्टर आणि सुताचे मिश्र कापड, घ्यावे. दुकानदार ज्याला ‘६७-३३’ म्हणतात त्यात ६७ टक्के पॉलिएस्टर आणि ३३ टक्के सूत असते. पँट किंवा स्कर्टला पॉलिएस्टर-व्हिस्कोस (व्हिस्कोस म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा) पुरते.

नायलॉन १९३५ साली अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोथर्स यांच्या संशोधनातून तयार झाले. ते ताणून पूर्ववत होते आणि घासून सहसा झिजत नाही, म्हणून मोज्यांची टाच, वेल्क्रो, सुरक्षारक्षकाचा पट्टा, दप्तर यांसाठी त्याला तोड नाही. रेनकोटचे नायलॉन मात्र आतल्या लेपामुळे पाणी अडवते. तेव्हा कोट उलटा करून लेप सोलला नाही ना आणि शिवणींवर पट्टी चिकटवली आहे ना, हे दुकानातच तपासावे.

शर्टासाठी नायलॉन घेऊ नये, आणि हॉटेलच्या स्वयंपाकघरात तर मुळीच नको: ते प्रकारानुसार सुमारे २२० ते २६५ अंश सेल्सिअसला वितळते आणि पेट घेतल्यास वितळून कातडीला चिकटते. आचाऱ्याचा कोट व एप्रन पूर्ण सुतीच शिवून घ्यावा.

कापडाविषयी शंका असल्यास कडेचे दोन धागे चिमट्यात धरून बशीवर पेटवावेत. सूत कागदासारखा वास देत जळते आणि राख बोटांत भुरभुरते. नायलॉन आधी आकसते, मग वितळून त्याचा कडक मणी होतो. पॉलिएस्टरचाही मणीच होतो, पण धूर काळा निघतो.

सुती कापड बेतण्यापूर्वी रात्रभर भिजवावे, म्हणजे पुढे आटणार नाही. इस्त्री करताना अस्तर कशाचे आहे तेही पाहावे. सुतीच्या आचेवर मी एकदा नायलॉनचे अस्तर इस्त्रीच्या तळाला चिकटवून बसलो आहे. पांढरे नायलॉन कडक उन्हात पिवळे पडते, त्यामुळे ते सावलीतच वाळत घालावे.