बाळाला पालथे कसे घालावे आणि त्या वेळी काय खेळावे

आपल्याकडे बाळाला न्हाऊ घालणारी आजी किंवा तेल लावायला येणाऱ्या बाई पाटावर पाय लांब करून बसतात, बाळाला नडग्यांवर पालथे घालतात आणि त्याची पाठ चोळतात. त्या वेळी बाळ मान वर करण्याची जी धडपड करते, तोच त्याच्या मानेचा आणि खांद्यांचा पहिला व्यायाम असतो. ज्याला आता टमी टाइम म्हणतात ते हेच. मात्र न्हाणीतली ती काही मिनिटे पुरेशी नसतात. बाळाने उताणेच झोपावे, असे डॉक्टर आज आग्रहाने सांगतात आणि ते योग्यच आहे, कारण पालथ्या झोपेत झोपेतल्या आकस्मिक मृत्यूचा धोका वाढतो. त्यामुळे जागेपणीचा थोडा वेळ तरी बाळ पोटावर असावे लागते, नाहीतर सतत दाब पडून डोक्याची मागची बाजू चपटी होऊ शकते. (डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी देण्याची पद्धत अजून आहे, पण लहान बाळाच्या झोपण्याच्या जागी कोणतीच उशी नसलेली बरी.)

बाळ पूर्ण दिवसांचे आणि निरोगी असेल, तर घरी आल्यापासूनच सुरुवात करता येते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाबाबत आधी डॉक्टरांना विचारावे. सुरुवातीला दिवसातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी तीन ते पाच मिनिटे पुरतात आणि एका मिनिटातच बाळ रडू लागले तर तेवढ्यावर थांबावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार, अजून स्वतःहून सरकू-रांगू न लागलेल्या तान्ह्या बाळाला जागेपणी दिवसभरात विभागून किमान ३० मिनिटे पालथे ठेवावे. हा आकडा हळूहळू गाठायचा असतो. झोपून उठल्यावर किंवा लंगोट बदलल्यावरची वेळ उत्तम. दूध पाजल्यावर मात्र अर्धा तास थांबावे, अन्यथा बाळ दूध काढते.

पहिल्या आठवड्यांत जमिनीपेक्षा आईची किंवा बाबांची छाती अधिक सोयीची असते. पाठीला तक्क्या लावून मागे रेलावे, बाळाला छातीवर पालथे घ्यावे आणि त्याच्याशी बोलावे. ओळखीच्या आवाजाकडे पाहण्यासाठी ते मान उचलू लागते. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचेच नीट दिसत असल्याने आपला चेहरा तेवढ्या अंतरावर असावा. बाळंतिणीला डुलकी येत असेल, तर बाळाला आधी पाळण्यात उताणे ठेवावे.

पुढे जमिनीवर सतरंजी आणि तिच्यावर दुपटे अंथरावे. मऊ गादी टाळावी, कारण तीत नाक रुतते आणि कोपरांना आधार मिळत नाही. बाळाची कोपरे खांद्यांच्या रेषेत खाली आणून द्यावीत. तरीही जमत नसेल तर पंचाची बारीक सुरळी करून काखांच्या पातळीवर छातीखाली ठेवावी आणि हात सुरळीच्या पुढे काढावेत. मग आपणही समोर पालथे पडावे. माझ्या मते या सगळ्या प्रकारात खेळण्यांपेक्षा हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण उभ्या माणसाचा चेहरा पाहण्याइतकी मान त्या वयात वळत नाही.

खेळांसाठी विशेष खर्च लागत नाही. पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळ्या जाड रेघा किंवा वर्तुळे काढून तो बाळासमोर भिंतीला टेकवावा. स्टीलचे चकचकीत ताट उभे केले की त्यात दिसणाऱ्या चेहऱ्याकडे ते टक लावून पाहते. ताटाची कड मात्र बोथट असावी. खुळखुळा डोळ्यांसमोर वाजवून सावकाश एका बाजूला न्यावा, म्हणजे मान वळते, आणि बाळ नेहमी एकाच बाजूला पाहत असेल तर तो मुद्दाम दुसऱ्या बाजूने वाजवावा. तीन-चार महिन्यांच्या बाळाबरोबर ओढणीआडून ‘बुवा, कुक्’ खेळता येते. याच सुमारास बाळ हातांवर भार देऊन छाती उचलू लागते; तेव्हा खेळणे हाताला जेमतेम लागेल इतके दूर ठेवावे.

तेल लावलेले बाळ निसटते, म्हणून मालिशीनंतर लगेच त्याला उचलून हवेत झुलवण्याचे खेळ करू नयेत. पालथ्या बाळाला क्षणभरही एकटे सोडू नये आणि तसेच झोपी गेले तर हलकेच उताणे करावे. तीन महिने पूर्ण होऊनही बाळ मान अजिबात उचलत नसेल, अंग फार ढिले किंवा ताठ वाटत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

बाळ कुशीवर वळू लागले, की दुपट्यात घट्ट गुंडाळून झोपवणे त्याच दिवसापासून बंद करावे, कारण पालथे पडलेल्या बाळाला स्वतःला सावरण्यासाठी दोन्ही हात मोकळे लागतात.