मांडीवर बसणारं पिल्लू कसं निवडावं

पिल्लू न्यायला आलेला माणूस पहिला प्रश्न रंगाचाच विचारतो. तांबूस आहे काय, पांढरं आहे काय, तीन रंगांचं मिळेल काय. बेळगावात वडगावला आमच्या मागाच्या शेडमध्ये मांजरी नेहमी वितात, त्यामुळे पिल्लांना घरं शोधायचं काम आपोआप माझ्याकडे आलंय. मी सगळ्यांना एकच सांगते, रंग शेवटी बघा. मोठेपणी मांजर मांडीवर येणार की माळ्यावर जाऊन बसणार, हे बरंचसं त्याच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात ठरून जातं. त्या दिवसांत पिल्लाला माणसाचा हात किती लागला, ते आधी विचारून घ्या.

अमेरिकेतल्या टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८० च्या दशकात हे नीट तपासून बघितलं होतं. रोज १५ मिनिटं हाताळलेल्या पिल्लांपेक्षा ४० मिनिटं हाताळलेली पिल्लं पुढे माणसाजवळ जास्त वेळ थांबायची. एकाच माणसाच्या हातची पिल्लं अनोळखी माणसाला जास्त बिचकतात, हे त्याआधीच्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं होतं. आमच्या शेडमध्ये तर दिवसभर मागाची खटखट, सूत आणणारे-नेणारे लोक, आणि शाळा सुटली की गल्लीतली सगळी पोरं. तिथली पिल्लं पाव्हण्याच्याही मांडीवर चढतात.

खानापूरकडच्या गावांत वेगळं असतं. तिथं घरात भाताची पोती असतात आणि मांजर उंदरांसाठी ठेवलेलं असतं. ते माळ्यावर अडगळीत वितं, आणि पिल्लं स्वतःच्या पायांनी खाली उतरेपर्यंत त्यांना कुणी बघितलेलंही नसतं. तोवर पाचवा-सहावा आठवडा उजाडतो. असं पिल्लू उंदीर उत्तम मारेल, पण मांडीवर यायला फार वेळ घेईल, कदाचित कधीच येणार नाही. म्हणून पिल्लू कुठं जन्मलं आणि त्याला रोज कोण उचलतं, हे विचारायला लाजू नका. ‘पोरं दिवसभर घेऊन फिरत असतात’ असं उत्तर आलं की निम्मं काम झालं.

मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं म्हणतात, म्हणून काही लोक डोळे उघडल्यावरही पिल्लांना हात लावत नाहीत. त्रास झाला तर मांजरी जागा बदलते, हे खरंच आहे. पण घरातल्या सवयीच्या मांजरीजवळ बसून, तिला खाऊ घालत, तिच्यासमोरच पिल्लांना हळू हात लावला तर ती खुशाल डोळे मिटून पडते.

आईला बघितल्याशिवाय पिल्लू ठरवू नका. आपण आत गेल्यावर ती शेपटी उभी करून पायाला घासते की फिस्कारते? आई पळाली की पिल्लंही पळायला शिकतात. बोक्याचं मात्र अवघड. सँड्रा मॅक्यून यांनी १९९५ मध्ये दाखवलं की मनमिळाऊ बोक्याची पिल्लं जास्त धीट निघतात, बापानं त्यांना कधी बघितलेलं नसलं तरी. आपल्याकडे बोका कोणता हे कुणाला ठाऊक? शिवाय एकाच वेताच्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. त्यामुळे चौघं भावंडं चार तऱ्हेची निघाली तर नवल नाही, प्रत्येकाला वेगळं बघावं लागतं.

बघायचं कसं? माझी भाची हिंडलग्याहून पिल्लू न्यायला आली, ती आल्या आल्या तांबड्या पिल्लाकडे वाकली. “मावशी, हेच घेऊ काय गे?” मी म्हटलं, “थांब की. आधी खाली बस, कुणाला हाक मारू नको.” मांडी घालून ती फरशीवर बसली. तांबडं पिल्लू खोक्यामागे गेलं. राखी पट्ट्यांचं एक आधी लांबून बघत राहिलं, मग येऊन तिच्या पायाच्या अंगठ्याचा वास घेतला. तिनं नाकासमोर बोट धरलं, तर त्यानं गाल घासला. मी मुद्दाम किल्ल्यांचा जुडगा फरशीवर टाकला. पिल्लू दचकलं, मागे सरलं, आणि लगेच किल्ल्यांकडेच चालत गेलं. दचकणार सगळीच, सावरायला किती वेळ लागतो तेवढं बघायचं. मग तिनं एक हात छातीखाली, एक हात बुडाखाली देऊन त्याला उचललं. मानगुटीला धरून उचलायचं नाही. पहिल्यांदा त्यानं वळवळ केली, मग अंग सैल सोडलं, नखं आत घेतली आणि घुरघुरायला लागलं. हेच पाहिजे होतं. हातात घेतल्यावर फळीसारखं ताठ होऊन कान मागे पाडणारं पिल्लू असेल, तर ते मांडीच्या आशेनं नेऊ नका.

ही परीक्षा पिल्लांचं पोट भरल्यावर घेऊ नका. दूध पिऊन झोपेला आलेलं कुठलंही पिल्लू मांडीवर शांत पडतं. खाण्याच्या वेळेआधी जा, आणि जमलं तर दुसऱ्या दिवशी परत जा. आजारी पिल्लूही गरीब वाटतं. डोळ्यांत चिकट घाण, वाहतं नाक, कानात कॉफीच्या चोथ्यासारखा मळ, हडकुळ्या अंगावर फुगलेलं पोट दिसलं तर आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा, स्वभाव नंतर ठरवा.

वयाबद्दल लोक बिनधास्त ‘दोन महिन्यांचं’ म्हणून सांगतात. डोळे अजून निळे असतील तर ते बहुधा लहानच आहे. हा निळेपणा सहाव्या-सातव्या आठवड्यापासून जायला लागतो. आठ आठवड्यांचं पिल्लू साधारण ८०० ते ९०० ग्रॅम भरतं, किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून बघा. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका, बारा झाले तर आणखी चांगलं. फिनलंडमध्ये जवळजवळ ६,००० मांजरांची माहिती गोळा करून २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लवकर तोडलेली मांजरं जास्त आक्रमक असतात, असं त्यात दिसलं. मीही आठ आठवड्यांआधी पिल्लू देत नाही, कुणी कितीही गळ घातली तरी.

आणि घरात म्हातारं माणूस असेल, मांडीवर बसणारंच मांजर हवं असेल, तर मी पिल्लू सुचवतच नाही. दोन-तीन वर्षांचं मोठं मांजर घ्या. त्याचा स्वभाव तयार असतो, आज मांडीवर येतंय ते उद्याही येईल. पिल्लू चार-सहा महिन्यांचं झालं की पडद्यावर चढण्यात त्याचा दिवस जातो, मांडीवर बसायला त्याला सवड नसते. तेवढ्यावरून निराश होऊ नका. एप्रिल-मे महिन्यांतही निकाल लावू नका, तेव्हा ते गार फरशीच शोधणार. आमच्याकडची डिसेंबरातली थंडी पडू द्या, मग बघा.

घरी आणल्यावर पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवा. आईच्या अंगाखालचं फडकं बरोबर न्या. त्याला उचलून मांडीवर दाबून बसवू नका. आपण खाली बसायचं, यायचं की नाही ते त्याला ठरवू द्यायचं, आणि उठून जायला लागलं की जाऊ द्यायचं. तिहेरी लस आठव्या आठवड्यापासून सुरू होते, रेबीजची साधारण बाराव्या आठवड्यात. कुठल्याही मांजरानं चावलं किंवा नख मारलं तर जखम १५ मिनिटं साबणानं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा.