जंगल-टेकड्यांमध्ये धावण्याचा मार्ग आखताना या चुका टाळा

जानेवारीत उत्तम चाललेला मार्ग जुलैत अर्ध्यावर सोडावा लागतो आणि मे महिन्यात तोच धोक्याचा ठरतो. नागपूरच्या आसपास, म्हणजे काटोल, कळमेश्वर, हिंगण्याकडच्या सागाच्या जंगलात किंवा रामटेकच्या बाजूला धावायला जाणाऱ्यांच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. मार्ग एकदा आखला, मोबाइलमध्ये साठवला आणि वर्षभर तोच वापरला. इथली जमीन तसं करू देत नाही.

उपग्रहाच्या चित्रावर विसंबणे

पावसाळ्यात आभाळ भरलेलं असतं, म्हणून नकाशाच्या अ‍ॅपमधली चित्रं बहुधा कोरड्या महिन्यांतली असतात. त्यात पायवाट स्वच्छ दिसते. ऑगस्टमध्ये तिथे कमरेएवढं गवत असतं. दुसरी फसगत जाळरेषेची. उन्हाळ्यात वणवा पसरू नये म्हणून वनविभाग जंगलात साफ केलेले पट्टे ठेवतो. वरून पाहिलं तर तो मस्त सरळ रस्ता वाटतो, पण जाळरेषा चढ-उतार बघत नाही आणि कुठल्याही गावाला जाऊन मिळेलच असं नाही. पांदण, म्हणजे शेतांमधून जाणारी कच्ची वाट, मात्र वळणं घेत, विहिरींजवळून, वावरांच्या कडेने जाते आणि गावात निघते. शंका असेल तेव्हा पांदण निवडा. नवा मार्ग पहिल्यांदा चालून बघा, तोही ज्या महिन्यात धावणार त्याच महिन्यात.

पेंच, बोर, उमरेड-पवनी-कऱ्हांडला ही नावं यादीतून काढून टाका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय प्रवेश नाही. नागपूरलगतच्या गोरेवाडा जंगलाच्या कुंपणाच्या आतही तसेच घुसू नका. बाकी जंगलासाठी जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारा. वाघ-बिबट्याच्या हालचालीची सर्वांत ताजी खबर तिथे आणि जवळच्या गावातच मिळते.

काळी माती ओळखता न येणे

यावर जरा थांबू, कारण पावसाळ्यातले निम्मे मार्ग इथेच फसतात. शहराच्या पश्चिमेला बेसाल्टचा खडक आहे. टेकडीच्या माथ्यावर मुरूम आणि खोलगट भागात काळी माती, अशी साधारण मांडणी. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते. ओली झाली की बुटाच्या तळव्याला थर लागतो, त्या थराला पुढचा थर, आणि शे-दोनशे पावलांत दोन्ही बूट इतके जड होतात की गुडघा उचलवत नाही. पाय झटकून ती निघत नाही. थांबा, काडीने आधी तळव्याच्या मधला भाग खरवडा, मग कडा, आणि पुढे गवतावरून चाला. धुऱ्यावरचं, म्हणजे शेताच्या बांधावरचं, गवत सोयीचं असतं, पण शेतमालक दिसला तर विचारून जा.

चांगल्या पावसानंतर मुरमाची वाट एका दिवसात धावण्याजोगी होते. काळ्या मातीच्या पांदणीला तीन-चार दिवसांची उघडीप लागते, आणि ट्रॅक्टर गेला असेल तर वाळलेल्या चाकोऱ्यांत घोटा मुरगळण्याची भीती असते. म्हणून जून ते सप्टेंबरचा मार्ग माथ्यामाथ्याने न्या. रामटेक-मौद्याकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आहेत; त्यांच्या अरुंद, निसरड्या बांधांवरून धावू नका. बांध फुटला की साठवलेलं पाणी जातं आणि नुकसान शेतकऱ्याचं होतं.

नाला गढूळ असेल किंवा पाणी गुडघ्याच्या वर असेल तर परत फिरा. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या बाजूला पाऊस झालेला असू शकतो.

अंतरावरून वेळ काढणे

सोपा हिशेब असा: १०० मीटर चढ म्हणजे सपाटीवरचा १ किलोमीटर धरा. मार्ग १४ किलोमीटरचा आणि एकूण चढ ३०० मीटर असेल तर तो १७ किलोमीटरचा समजा. किलोमीटरला साडेसहा मिनिटांच्या वेगाने रस्त्यावर १४ किलोमीटरला दीड तास लागतो. इथे एक तास पन्नास मिनिटं. पाणी आणि परतीची वेळ याच आकड्यावर ठरवा. दर तीन-चार किलोमीटरवर गाव किंवा डांबरी रस्ता गाठता येईल अशी वाट हवी. झाडीत जीपीएस घड्याळ अंतर कमी-जास्त दाखवतं. बॅटरी वाचवणारा मोड बंद करून दर सेकंदाला नोंद ठेवा, तरी वळणं नकाशावरून एकदा ताडून बघा.

अंधारात सुरुवात

मे अखेरीस साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो, जानेवारीच्या सुरुवातीला जवळजवळ सातला. उन्हाच्या भीतीने पहाटे चारला जंगलात शिरणं मात्र चूकच. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं गळतात. ती खायला अस्वल येतं, वेचायला गावातली माणसंही पहाटेच येतात. अचानक समोर आलेलं अस्वल बऱ्याचदा पळ काढत नाही, अंगावर येतं. नीट उजाडल्यावर निघा, दोघं-तिघं मिळून बोलत धावा, कानात हेडफोन नको.

अंधाराचा आणखी एक धोका वावरांचा. रानडुकरांपासून पीक वाचवायला काही ठिकाणी खुंटांवर गुडघ्याखाली बारीक तार ओढलेली असते आणि तिच्यात बेकायदा थेट वीजप्रवाह सोडलेला असतो. या तारांनी माणसं मेली आहेत. तार सौरझटक्याची (सौरऊर्जेवर फक्त झटका देणारी) आहे की थेट विजेची, हे बघून कळत नाही. म्हणून कुठलीही तार ओलांडू नका, शॉर्टकटसाठी पांदण सोडू नका.

उतार आणि गवत

घट्ट जमिनीवर सुटा मुरूम असला की तो पायाखालून गडगडतो. फेब्रुवारीपासून सागाची मोठी पानं दगड झाकून टाकतात. बहुतेकजण घाबरून मागे झुकतात, मग टाच आधी टेकते आणि पाय सरकतो. पावलं लहान आणि भरभर टाका, वजन पायांच्या वर ठेवा, नजर चार-पाच मीटर पुढे. तळव्याला साधारण ४ मिलिमीटरच्या खाचा पुरतात; गुळगुळीत रोड शूज इथे नकोत.

पावसाळा सरला की कुसळी गवत पिकतं. कुसळाचं टोक मोज्यात शिरतं आणि प्रत्येक पावलागणिक आत सरकत जातं, कारण त्यावरचे केस उलटे असतात. हाताने ओढलं तर मोडून टोक आतच राहतं. मोजा काढून उलटा करा आणि आतून, टोकाच्या बाजूने ओढा. ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये घोट्यावर गेटर (बूट आणि घोटा झाकणारं कापडी आवरण) किंवा जुन्या मोज्याची कापलेली नळी चढवा.

उन्हाळ्यात पाण्यावरच भिस्त

एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसातला धावणं संपलेलं असावं. ताशी किमान अर्धा लिटर पाणी जवळ हवं, तासापेक्षा जास्त धावणार असाल तर ओआरएस. पाकिटावर लिहिलेलं पाण्याचं प्रमाण पाळा, एक लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरात घोळू नका. सोबती अडखळायला किंवा असंबद्ध बोलायला लागला तर घाम येतोय की नाही हे बघत बसू नका. उष्माघातात घाम सुरू असू शकतो. सावलीत आडवं करा, असेल नसेल ते पाणी अंगावर ओता, दुपट्ट्याने वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. रेंज सगळीकडे नसते, म्हणून निघण्यापूर्वी घरच्यांना मार्ग आणि परतीची वेळ पाठवून ठेवा, आणि कोणत्या टेकडीवर रेंज येते ते चालून बघतानाच टिपून घ्या.