कोपर वाकवलं की सूर वाजणारी बाही घरी कशी शिवायची

कापडातून सूर काढायची कल्पना काही आजची नाही, अमेरिकेत एमआयटी मीडिया लॅबमध्ये १९९०च्या दशकातच डेनिम जॅकेटवर करंट नेणाऱ्या दोऱ्याने कीपॅड भरून त्याचं वाद्य केलं होतं, आणि त्या काळच्या तिथल्या प्रयोगांत भारतात विणलेलं, धातूची पातळ पट्टी गुंडाळलेल्या रेशमाचं ऑर्गंझाही वापरलं होतं, मला ही गोष्ट फार आवडते. आपण सोपं करूया, एक बाही, एक सांधा.

सामान : खेळाच्या दुकानात मिळतो तो इलॅस्टिकचा एल्बो सपोर्ट, स्टीलचा कंडक्टिव्ह दोरा, वेलोस्टॅट (काळं प्लास्टिक असतं, दाबलं की त्याचा रेझिस्टन्स म्हणजे करंटला होणारा अडथळा कमी होतो), थोडं जाड फेल्ट, १० किलोओहमचा रेझिस्टर, मायक्रोबिट व्ही२ (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड, याच्यात स्पीकरही असतो) आणि त्याचा बॅटरी बॉक्स. मल्टीमीटर (रेझिस्टन्स मोजायचं यंत्र) मात्र हवाच, त्याच्याशिवाय सुरूच करू नका. दोऱ्याऐवजी घरातली जर चालेल का असं बरेच जण विचारतात, तर बाजारातली बरीच जर प्लास्टिकवर मुलामा दिलेली असते आणि ती बहुतेक वेळा करंट नेत नाही, मल्टीमीटर बीप मोडवर ठेवून जरीच्या दोन टोकांना लावून बघा, बीप वाजला तर वापरा.

आता सेन्सर. फेल्टच्या साधारण ८ बाय ३ सेंमीच्या दोन पट्ट्या कापा, प्रत्येकीवर आतल्या बाजूने स्टीलच्या दोऱ्याने नागमोडी टाके घाला, एकीचं शेपूट वरच्या टोकाने बाहेर काढा आणि दुसरीचं खालच्या. मधे वेलोस्टॅट ठेवा, तो टाक्यांपेक्षा चारही बाजूंनी थोडा मोठा हवा म्हणजे दोन्हीकडचे दोरे एकमेकांना कुठेच लागणार नाहीत. कडा साध्या दोऱ्याने धावदोऱ्यात शिवा पण आवळू नका, आवळलं तर सेन्सर कायम दाबलेलाच राहतो आणि हात सरळ असला तरी रीडिंग वरच अडकतं. हे बाहीवर कोपराच्या बाहेरच्या बाजूला लावा आणि आतून सुती अस्तर द्या कारण घामाने रीडिंग बदलतं. स्टीलच्या दोऱ्याची गाठ सुटते, तिच्यावर नेलपॉलिशचा थेंब टाकायचा.

जोडणी अशी, सेन्सरचं एक टोक मायक्रोबिटच्या ३ व्होल्टच्या पिनला, दुसरं पी१ पिनला (बोर्डावर नुसतं 1 लिहिलेलं असतं), आणि पी१पासून ग्राउंडपर्यंत (GND पिन) रेझिस्टर. पी० घेऊ नका, मायक्रोबिट आवाज मूळ सेटिंगमध्ये त्याच पिनवरही पाठवतो. १० किलोओहम हा अंदाज झाला, रेझिस्टर नेमका किती हवा ते मल्टीमीटरच सांगेल, हात सरळ असताना आणि पूर्ण वाकवल्यावर सेन्सरचा रेझिस्टन्स मोजा, त्या दोन आकड्यांच्या मधला घ्या.

मेककोडमध्ये (मायक्रोबिटचा कोड ब्राउझरमध्ये लिहायची जागा) पी१चं रीडिंग ० ते १०२३ येतं. ते थेट सुराला जोडू नका, कंप पावत राहतं, म्हणून जुन्या आकड्याचे ८० टक्के आणि नव्याचे २० टक्के असं मिसळत जा. मग सरळ हाताच्या रीडिंगच्या थोडं वरपासून ते पूर्ण वाकलेल्या हाताच्या रीडिंगपर्यंतच्या पट्ट्याचे सहा भाग करा आणि भूपाचे सूर लावा, सा रे ग प ध सां म्हणजे साधारण २६२, २९४, ३३०, ३९२, ४४०, ५२३ हर्ट्झ. भूप मुद्दाम घेतलाय, म आणि नी नसल्यामुळे हात कसाही हलला तरी कानाला खटकत नाही. पहिल्या भागाच्या खाली पूर्ण शांतता ठेवा, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण हात सरळ केल्यावर आवाज थांबला तरच घालणाऱ्याला कळतं की सूर आपल्या हालचालीतून येतोय. प्रत्येकाचं कोपर वेगळं वाकतं, त्यामुळे माणूस बदलला की हे दोन आकडे पुन्हा घ्यायचे, ए बटण दाबलं की सरळ आणि बी दाबलं की वाकलेलं अशी सोय कोडमध्येच करून ठेवा.

धुण्यासाठी बोर्ड निघायला हवा, म्हणून वायरी थेट बाहीला शिवू नका, धातूची टिचबटणं लावा, ती करंट नेतात. बोर्ड आणि बॅटरी काढून बाही हाताने, न पिळता धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच परत जोडा.