जुन्या स्पीकरला अ‍ॅम्प निवडण्याआधी जाळी काढा

मामांनी त्यांच्या स्पीकरची जोडी माझ्या हवाली केली तेव्हा एवढंच म्हणाले, "अ‍ॅम्प जरा दमदार घे हो, हे थोडक्यात भागणारे नाहीत." बारा इंची वूफर, म्हणजे खालचे स्वर वाजवणारा मोठा भाग, बंद खोकं, थ्री-वे (खालचे, मधले आणि वरचे स्वर तीन वेगळ्या भागांतून), मागच्या पट्टीवर ४ ओहम, म्हणजे विजेला होणारा रोध, लिहिलेलं. महिनाभर मी अ‍ॅम्पचेच, म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचेच, आकडे वाचत बसले. मग एका दुपारी पुढची कापडी जाळी काढली आणि वूफरच्या कडेला सहज बोट लावलं. फोमची कड बोटाला काळी, चिकट भुकटी होऊन लागली. खालच्या बाजूला तर दोन-तीन इंच कड जागेवरच नव्हती. ज्या स्पीकरसाठी मी अ‍ॅम्प शोधत होते, तो मुळात वाजण्याच्या स्थितीतच नव्हता.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी दुरुस्ती, मग अ‍ॅम्प आणि सुधारणा सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला की पैसे जातात आणि आवाज कशामुळे बदलला ते कधीच कळत नाही.

तपासणीला तासभर पुरतो. कोन म्हणजे वूफरचा आतबाहेर हलणारा शंकू. त्याच्याभोवतीची लवचीक कड, म्हणजे सराउंड, कशाची आहे ते बघा. फोमची असेल तर वाजवा किंवा नुसती ठेवा, दहा-वीस वर्षांत ती कुजतेच. रबराची बरीच टिकते. कापडाची तर बहुतेक वेळा आजही धडधाकट असते आणि तिला हात लावायचा नाही. जेबीएलच्या १९७० सालच्या एल१०० सेंच्युरीच्या वूफरला अशीच लेप दिलेली कापडी कड आहे. ती काढून फोम बसवणं म्हणजे चांगला वूफर बिघडवणं.

नंतर दोन्ही हातांची बोटं कोनच्या मध्याभोवती समान अंतरावर ठेवून तो अलगद आत दाबा. खर्रकन घासल्यासारखं वाटलं तर व्हॉइस कॉइल, म्हणजे कोनमागची तारेची गुंडाळी, वाकडी झाली आहे. बंद खोक्याचा वूफर दाबून सोडल्यावर सावकाश परत आला पाहिजे. झटकन आला तर हवा कुठून तरी गळते आहे. मग मल्टिमीटर लावून ओहम मोजा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण साडेपाच ते सात दाखवतो, ४ ओहमचा तीन ते साडेतीन. लेबल फाटलं असलं तरी यावरून अंदाज येतो. ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग, गप्प असेल तर तो जळाला असं लगेच धरून चालू नका. मागे लेव्हल कमीजास्त करायचं बटण असतं, त्याच्या आत गंज धरतो. बटण दहा-वीस वेळा पुरतं फिरवा. मधेच खरखर होऊन ट्वीटर जागा झाला तर दोष बटणाचा आहे. कॉन्टॅक्ट क्लीनरने ते साफ होतं, नाही झालं तर बदलता येतं.

फोम बदलणं घरी जमतं, पण घाई चालत नाही. मी जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल अंथरला, वूफर उताणा ठेवला आणि कागदी कोनवरचा जुना गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवून बोथट सुरीने खरवडला. एका वूफरला अडीच तास गेले. कोन कागदाचा असतो, जोर केला की पापुद्रा निघतो. नवी कड आधी कोनला चिकटवली आणि पुरती वाळू दिली. खरी कसोटी नंतरची, कड लोखंडी चौकटीला चिकटवताना. कोन केसभर जरी बाजूला सरकला तरी कॉइल घासते. म्हणून गोंद ओला असतानाच फोनवरून ३० हर्ट्झचा सूर लहान आवाजात अ‍ॅम्पमधून वूफरला दिला. कोन संथपणे आतबाहेर हलायला लागला. डावीकडे किंचित सरकवला की खर्र, उजवीकडे आणला की शांत. ती शांत जागा सापडल्यावर बोटांच्या टोकांनी सगळीकडून कड दाबत गेले. एकाच वूफरचा फोम गेला असला तरी दोन्ही बदला. जुनी कड मऊ आणि नवी ताठ असेल तर दोन्ही बाजूंचा बेस वेगळा येतो. कड घेतानाही नुसता इंचाचा आकडा पुरत नाही. वूफरचा नंबर देऊन त्याच जातीची, तेवढीच लवचीक कड मागा. जाड, ताठ कड बसवली की वूफरची खालची धाव कमी होते.

खोक्याच्या आतला कापूस किंवा काचतंतू बाहेर काढलात तर हातमोजे आणि मास्क घाला, आणि त्याचं वजन करून ठेवा. बंद खोक्यात तो भरावही स्वराचा भाग असतो. १९५४ साली एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांच्या अकूस्टिक रिसर्चने एआर-१ आणला, तो आत कोंडलेली हवा हीच स्प्रिंग या तत्त्वावर. त्या घराण्याच्या खोक्यातून हवा गळली किंवा भराव कमी झाला तर वूफरचा तोलच जातो.

आता क्रॉसओव्हर, म्हणजे स्वर वाटून वूफर, मिडरेंज (मधल्या स्वरांचा भाग) आणि ट्वीटरकडे पाठवणारं आतलं सर्किट. त्यातल्या दंडगोल इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आकडे काळानुसार सरकतात. माझ्याकडच्या एकावर ८ मायक्रोफॅरड छापलं होतं, मीटरने १०.६ दाखवलं. आकडा वाढला म्हणजे ट्वीटरकडे हवे त्यापेक्षा खालचे स्वर जातात आणि त्याच्यावर ताण येतो. असे कपॅसिटर बदला, पण मूळ आकड्याचेच. "मोठा घातला तर जास्त चांगलं" असं इथे काही नसतं. ट्वीटर आणि मिडरेंजच्या वाटेवर पॉलिप्रॉपिलीनचे फिल्म कपॅसिटर घालावेत. वूफरच्या वाटेवर जास्त मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो. अकूस्टिक रिसर्चच्याच एआर-३ए मध्ये ६, ५० आणि १५० मायक्रोफॅरड असे तीन आहेत. त्यातल्या १५० च्या जागी फिल्म घ्यायला गेलात तर तो डबाभर मोठा मिळतो. तिथे नवा बायपोलर (धन-ऋण टोकं नसलेला) इलेक्ट्रोलिटिक पुरे. नव्या फिल्मचा स्वतःचा रोध जुन्यापेक्षा कमी असल्यामुळे ट्वीटर कधी कधी टोचायला लागतो. तसं झालं तर कपॅसिटरच्या ओळीत पाव ते अर्ध्या ओहमचा रेझिस्टर टाका. मूळचे फिल्म कपॅसिटर असतील तर ते मोजा आणि बरोबर असतील तर राहू द्या. तांब्याच्या कॉइलही बदलू नका, त्यांच्या तारेचा रोध धरूनच मूळ हिशेब केलेला असतो.

इथे एक गोष्ट मी आग्रहाने सांगते: आधी एकाच खोक्याचे कपॅसिटर बदला. मग दोन्ही खोकी शेजारी ठेवून मोनोमध्ये तेच गाणं आलटून पालटून ऐका. माझ्या कानाला जुन्या खोक्यातली झांज ओल्या कपड्याखालून आल्यासारखी वाटली, नव्यात तिचा शेवटपर्यंत विरत जाणारा नाद होता. दोन्ही एकदम बदलली असती तर हा फरक मला नीट सांगता आला नसता, आणि बिघाड झाला असता तर तोही कळला नसता.

एवढं झाल्यावरच अ‍ॅम्पकडे वळा. दोन आकडे लागतात: संवेदनशीलता, म्हणजे १ वॅटला १ मीटरवर किती डेसिबल, आणि ओहम. समजा स्पीकर ८६ डेसिबलचा आहे आणि तुम्ही साधारण तीन मीटरवर बसता. अंतरामुळे होणारी घट आणि खोलीची व दुसऱ्या स्पीकरची भर धरून ढोबळमानाने पाच डेसिबल जातात, म्हणजे १ वॅटला कानाशी ८१. रोजच्या ऐकण्याला हे भरपूर झालं. पण तबल्याची थाप किंवा ऑर्केस्ट्राची उसळी त्याच्या कितीतरी वर जाते. ९५ पर्यंत जायचं तर आणखी १४ डेसिबल, आणि दर तीन डेसिबलला वॅट दुप्पट, म्हणजे सुमारे २५ वॅट लागतात. थोडी मोकळीक ठेवून ५० ते ८० वॅटचा अ‍ॅम्प अशा स्पीकरला शोभतो. पॉल क्लिप्श यांचा १९४६ सालचा क्लिप्शहॉर्न मात्र शंभरच्या वरच्या संवेदनशीलतेचा आहे. त्याला त्याच पातळीसाठी एक वॅटही पुरतो. तिथे वॅट मोजण्यापेक्षा अ‍ॅम्प किती शांत आहे, गाणं नसताना हॉर्नमधून सू-सू ऐकू येते का, हे बघा.

अ‍ॅम्प ४ ओहमच्या भाराला चालतो का ते त्याच्या कागदपत्रांत स्पष्ट हवं. लिहिलेलं नसेल तर चालत नाही असंच धरा. दोन जोड्या एकाच वेळी लावू नका आणि दोन चॅनल जोडून एक करायची ब्रिज पद्धत ४ ओहमला विसरा. उलट टोकाला बीबीसीचा एलएस३/५ए हा छोटा स्पीकर आहे, सुरुवातीचा प्रकार १५ ओहमचा. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प ८ ओहमला ५० वॅट देत असेल तर याला जेमतेम २७ देतो. व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांच्या) अ‍ॅम्पला मात्र बहुतेक वेळा १६ ओहमचा वेगळा टॅप, म्हणजे जोडणीचं टोक, असतो, त्यामुळे त्याची सगळी ताकद पोचते.

व्हॉल्व्ह की ट्रान्झिस्टर, हा प्रश्न नेहमी येतो. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा स्वतःचा आउटपुट रोध जास्त, समजा २ ओहम. स्पीकरचा ओहम काही सगळ्या स्वरांना सारखा नसतो, ६ पासून ३० पर्यंत फिरतो. अशा जोडीत काही स्वर बाकीच्यांपेक्षा जवळजवळ दोन डेसिबलने वर येतात. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पवर हे होत नाही. म्हणून व्हॉल्व्हवर बेस भरदार, किंचित सैल वाटतो. स्पीकर व्हॉल्व्हच्या काळात घडला असेल तर हा भरदारपणा त्याच्या मूळ स्वराचाच भाग असू शकतो. सत्तरच्या दशकातल्या, कमी संवेदनशीलतेच्या बंद खोक्याला मला स्वतःला चांगला ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पच आवडतो, वूफर मुठीत राहतो.

लहान अ‍ॅम्पने स्पीकर सुरक्षित राहतो असं समजू नका. मी ते समजत होते. १५ वॅटच्या अ‍ॅम्पवर घरच्या कार्यक्रमात आवाज चढवत नेला आणि उजवा ट्वीटर गेला. अ‍ॅम्पची ताकद संपली की लाटांची शिखरं छाटली जातात, बाकीचा आवाज वाढतच राहतो आणि छाटलेल्या कडांमधून नवे तीव्र स्वर तयार होतात. हे सगळं ट्वीटरवर येतं. आवाज कर्कश व्हायला लागला की बटण मागे घ्या. उलट क्वाडचा १९५७ सालचा इलेक्ट्रोस्टॅटिक (कोनऐवजी पातळ पडदा हलवणारा) स्पीकर १५ वॅटच्या क्वाड-टू व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्या जमान्यातला. त्याला मोठा अ‍ॅम्प लावून जोरात वाजवलं तर आतले पॅनल जळतात.

जुना अ‍ॅम्प घेत असाल तर स्पीकर न जोडता आउटपुटला डीसी मिलिव्होल्ट मोजा. ५० च्या आत असेल तर ठीक, शंभरच्या पुढे असेल तर आधी दुरुस्तीला द्या. जुन्या जाहिरातीतल्या वॅटवरही विसंबू नका. अमेरिकेत १९७४ साली वॅट सांगण्याबद्दलचा नियम येईपर्यंत "म्युझिक पॉवर" नावाने वाटेल ते आकडे छापले जात.

सुधारणांमध्ये सर्वांत मोठा फरक फुकटात पडतो, तो जागेने. त्या काळचा "बुकशेल्फ" स्पीकर खरोखरच फडताळात किंवा भिंतीला टेकून ठेवण्यासाठी घडवलेला असे. तो उंच स्टँडवर खोलीच्या मध्यात आणला की बेस पातळ होतो आणि माणसं अ‍ॅम्पला दोष देतात. मी मामांची खोकी भिंतीपासून अर्ध्या विताच्या अंतरावर नेली आणि टोन कंट्रोल सरळ शून्यावर आणता आला. रेकॉर्ड वाजवत असाल तर अ‍ॅम्पवरचा सबसॉनिक फिल्टर, म्हणजे ऐकू न येणारे अगदी खालचे कंप गाळणारं बटण, चालू ठेवा. वाकड्या रेकॉर्डमुळे वूफर भात्यासारखा हलताना दिसतो, त्यात अ‍ॅम्पची ताकद आणि नवा फोम दोन्ही वाया जातात. वायर अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची घ्या. पाच मीटरला जाऊन-येऊन तिचा रोध ०.०७ ओहम होतो, याच्या पुढे खर्च करण्यासारखं काही उरत नाही.

जोडताना ध्रुव तपासा. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावला की कोन बाहेर यायला हवा. जुन्या जेबीएलमध्ये लाल टोकाला धन दिलं की तो आत जातो, ती त्यांची रीतच होती. दोन्ही खोकी एकसारखी असली म्हणजे झालं.

काढलेले सगळे कपॅसिटर पिशवीत भरून खोक्याच्या आत मागच्या भिंतीला घट्ट चिकटवा, खडखडणार नाहीत असे. सोबत एक चिठ्ठी ठेवा: तारीख, मूळ आकडे, मोजलेले आकडे, नवे आकडे, भरावाचं वजन.