घरी टोनआर्म बनवताय? कार्ट्रिजला दोष देण्याआधी या चुका टाळा

टोनआर्म म्हणजे रेकॉर्ड प्लेअरवर सुई धरणारा दांडा, आणि त्याच्या टोकाला सुई ज्यात बसते ती डबी म्हणजे कार्ट्रिज. माझ्या पहिल्या टोनआर्मवर एलपी लावली की स्पीकरचा कोन (आतला पडदा) नुसता धपापायचा. जरा वाकलेली तबकडी असली तर सुई सरळ उडायची. दोन महिने मी कार्ट्रिजकडे संशयाने बघत होतो, एकदा प्रीअँपही (कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणारी पेटी) बदलून पाहिला. दोष होता दांड्यात.

तो दांडा माणग्याचा होता. माणगा म्हणजे आपल्याकडे मांडवाला, कुंपणाला लागतो तो जवळजवळ भरीव बांबू. अंगठ्याएवढा जाड, २४ सेंटीमीटरचा तुकडा ४६ ग्रॅम भरला. पुढे कार्ट्रिज बसवायला हेडशेल म्हणून ९ ग्रॅमची पितळी पट्टी ठोकली होती. दिसायला देखणा. पण सुईला जे वजन ओढावं लागतं ते तराजूवरचं नव्हे. पिव्हटपासून, म्हणजे दांडा ज्यावर फिरतो त्या टेकूपासून, वस्तू किती लांब आहे त्यावर ते ठरतं, आणि त्यालाच इफेक्टिव्ह मास म्हणतात. सारख्या जाडीच्या दांड्याचं साधारण एक तृतीयांश वजन त्यात धरायचं, पण टोकाला बसवलेला प्रत्येक ग्रॅम पुराच्या पुरा मोजायचा. म्हणजे माझे दांड्याचे १५, पट्टीचे ९, मागे तोल साधणाऱ्या काउंटरवेटचे २, असे २६ ग्रॅम.

आता हिशेब असा: आर्मचा इफेक्टिव्ह मास, कार्ट्रिज आणि स्क्रू यांची ग्रॅममध्ये बेरीज करा. तिला कार्ट्रिजच्या कम्प्लायन्सने (सुईच्या लवचीकतेचा आकडा) गुणा, गुणाकाराचं वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्या वर्गमुळाने भागा. आर्म आणि सुई मिळून ज्या कंपनसंख्येला आपोआप डोलतात ती हर्ट्झमध्ये येते, आणि ती ८ ते १२ च्या मध्ये हवी. माझं कार्ट्रिज स्क्रूसकट ७ ग्रॅमचं, कम्प्लायन्स २०. उत्तर आलं ६.२. तबकडीचा बाक आणि घरातल्या माणसांची पावलं याच पट्ट्यात पडतात, म्हणून तो कोन धपापत होता. उलट हे उत्तर १२ च्या बरंच वर गेलं तर आर्मचा हादरा खर्जाच्या सुरांकडे सरकतो. एक सावधगिरी: बरेच जपानी उत्पादक कम्प्लायन्स १०० हर्ट्झवरचा छापतात. तो आकडा दीडपट ते दुप्पट करून मगच या हिशेबात घाला.

दुसरा दांडा मी मासेमारीच्या मोडलेल्या कार्बन रॉडचा केला. पोकळ, हलका आणि निमुळता. जाड बाजू पिव्हटकडे, बारीक बाजू सुईकडे ठेवली. ९ ग्रॅमचा तुकडा, ४ ग्रॅमची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, आणि उत्तर ९ च्या जवळ आलं. (कार्बन कापताना मास्क लावा आणि तुकडा ओला ठेवा, ती धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका.) काउंटरवेटसाठी जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या उत्तम, फक्त हाताळून झाल्यावर हात धुवा. वजन कमी आणि मागे लांब, असं करू नका. ५० मिलिमीटरवर ६० ग्रॅम आणि ३० मिलिमीटरवर १०० ग्रॅम, दोन्हींनी तोल तेवढाच साधतो. पण पहिल्याने इफेक्टिव्ह मास २.६ ग्रॅमने वाढतो, दुसऱ्याने १.६ ने. जड आणि जवळ, हेच बरोबर.

पुढची चूक पावसाळ्याने दाखवली. आमचं घर रायबंदरला, मांडवीच्या काठावर. पिव्हटला मी साध्या पोलादी स्क्रूचं टोक घासून लावलं होतं. गणपतीपर्यंत सुई एकाच ओळीवर अडकून पुन्हा पुन्हा तेच गायला लागली. टोक भिंगाखाली धरलं तर तांबूस गंजाची टोपी चढलेली. खाऱ्या, दमट हवेत साधं पोलाद टिकत नाही. त्याजागी बॉलपेनच्या रिफिलचं टोक लावा, त्यातली गोळी बहुधा टंगस्टन कार्बाइडची असते. टोक खांबावर वर तोंड करून बसवा आणि ते टोक जिच्यात टेकतं ती वाटी आर्मच्या पोटाला पालथी, म्हणजे तिच्यात धूळ साठत नाही. बॉलबेअरिंग वापरणार असाल तर आतलं घट्ट ग्रीस धुऊन काढा. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो.

पिव्हट मोकळा आहे का, हे कागदावर कळतं. ८० जीएसएमच्या कागदाचा १ सेंटीमीटरचा चौकोन ८ मिलिग्रॅमचा असतो. आर्म पूर्ण तोलून तो चौकोन सुईच्या जागी अलगद ठेवा. आर्म जरासा तरी खाली झुकला पाहिजे. नाही झुकला तर आधी तारा बघा. पिव्हटपाशी त्या केसासारख्या बारीक आणि सैल वळशाच्या हव्यात. जाड तार स्प्रिंगसारखी ढकलते आणि लोक उगाच अँटीस्केटिंगचं (सुईला आत ओढणारा जोर तोलणारं) वजन वाढवत बसतात. कार्ट्रिजच्या पिनांना थेट सोल्डरचा डाग देऊ नका, क्लिपला तार जोडून थंड झाली की मगच ती पिनेवर सरकवा.

एकाच टोकावर तोललेल्या आर्मचा गुरुत्वमध्य टोकाच्या खाली हवा, नाहीतर तो कलंडतो. पण फार खाली नेलात तर वाकलेल्या तबकडीवर आर्म वर गेला की सुईचा दाब वाढतो. त्यामुळेच दाब मोजायचा काटा तबकडीच्याच उंचीवर ठेवायचा. उंच ठेवलात तर आकडा जास्त दिसतो.

भूमितीत सगळ्यात जास्त वेळा फसवतो तो प्रिंटर. प्रोट्रॅक्टर (सुईची जागा आणि कोन जुळवायचा कागद) छापताना ‘पानात बसवा’ चालू राहिलं तर सगळी मापं आक्रसतात. १०० टक्क्यांवर छापा आणि पोलादी पट्टीने तपासा. स्पिंडल (तबकडी बसते ती मधली खुंटी) ते पिव्हट अंतर २२२ मिलिमीटर धरलंत तर सुईची जागा ठरवायच्या बेअरवाल्ड पद्धतीत सुई पिव्हटपासून २३९.३ वर येते, हेडशेलचा कोन २३ अंश. हेडशेलला भोकांऐवजी खाचा ठेवा, म्हणजे मिलिमीटरभर पुढेमागे करता येतं.

घुर्र आवाज येत असेल तर आर्मची धातूची नळी किंवा पट्टी प्रीअँपच्या ग्राउंडला जोडली आहे का, एवढं बघा. कार्बनचा दांडा असेल तर हेडशेलची पट्टी वेगळ्या तारेने जोडावी लागते.

आणि गोव्यात हे सांगायलाच हवं, कारण जुन्या घरांच्या पेट्यांत ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या अजून निघतात. केरीच्या गायिका केसरबाई केरकरांचा आवाज १९७७ साली व्हॉयेजरबरोबर अवकाशात गेला, पण त्यांची ७८ ची तबकडी तुमच्याकडे असेल तर ती एलपीच्या सुईने वाजवू नका. एलपीची सुई १८ मायक्रॉनच्या आसपास, ७८ ला साधारण ७५ लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी घसरते, खरखरच जास्त उचलते, आणि लाखेच्या तबकडीतली भुकटी तिला झिजवून टाकते. सुई बदलली की दाबही बदलतो. माझ्या प्लेअरच्या झाकणाला आतून पेन्सिलीने ग्रॅममध्ये लिहिलं आहे: एलपी १.८, अठ्ठ्याहत्तर ४.