व्हिडिओत सर होते, कोर्समध्ये नव्हते

पहिला ऑनलाइन कोर्स मी व्हिडिओ बघून निवडला. स्टुडिओतलं चित्रीकरण, सुबक स्लाइड्स, सरांचा आवाज तर रेडिओवर शोभेल असा. तिसऱ्या आठवड्यात एका प्रश्नाचं उत्तरच चुकीचं धरलेलं निघालं. आम्ही पाच-सहा जणांनी कळवलं, पण कुणी हूं की चूं केलं नाही. रेकॉर्डिंग जुनं होतं. सर पडद्यावर हसत होते आणि मागे दुकान बंद. सहाव्या आठवड्यात मीही शटर ओढलं.

पुढच्या सत्रात एनपीटेलचा (आयआयटी वगैरे संस्थांचा ऑनलाइन कोर्सचा उपक्रम) 12 आठवड्यांचा कोर्स घेतला. व्हिडिओ साधे, फळा आणि खडू. पण दुसऱ्याच आठवड्यात मेल आली: प्रश्न 7 मध्ये चिन्ह चुकलंय, सगळ्यांना गुण दिलेत. दोन ओळींची मेल, पण पलीकडे माणूस आहे हे कळलं. शंकांना उत्तरं बहुतेकदा टीए (टीचिंग असिस्टंट, सरांच्या मदतीला) द्यायची, सर क्वचितच. तरी आम्ही म्हणायचो, "सर लक्ष देतात."

पुढे वाचनात आलं की गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या ऑनलाइन शिक्षणाच्या अभ्यासकांनी 2000 साली याला 'टीचिंग प्रेझेन्स' म्हटलंय. त्यात कोर्सची आखणी येते, चर्चा चालती ठेवणं येतं आणि थेट शिकवणंही. माझ्या पहिल्या कोर्समध्ये फक्त शेवटचं होतं. बाकीचं काम टीएनं केलं तरी चालतं, पण कुणीतरी करायला हवं.

एनपीटेलला नोंदणी मोफत, परीक्षेला फी. 12 पैकी सर्वोत्तम 8 असाइनमेंटचे 25 गुण, केंद्रावरच्या परीक्षेचे 75. प्रमाणपत्रासाठी 25 पैकी 10 आणि 75 पैकी 30 लागतात. हे गणित कुणाच्या मदतीशिवायही जमतं, म्हणून सुरुवातीला सर असले-नसले सारखंच वाटतं. पाचव्या आठवड्यात कॉलेजच्या सबमिशन्स अंगावर आल्या की फरक कळतो.

तेव्हा परीक्षेची फी भरण्याआधी पहिले दोन आठवडे नुसतं बघा. विचारलेल्या शंकांना किती दिवसांत उत्तर येतंय? लाइव्ह सेशनची तारीख लागलीये का? आणि स्वतः विचारताना "सर, प्रश्न 4 समजला नाही" एवढंच लिहू नका. कुठल्या व्हिडिओत, कितव्या मिनिटाला, कुठल्या पायरीवर अडलं ते लिहा. माझ्या पहिल्या तशा शंकेला त्याच रात्री उत्तर आलं, वर टीएची पुस्ती: "हा प्रश्न मलाही पडला होता."